हत्यारपेटीचा इतिहास

वसंतातल्या या व्याख्यानांत थोर पुरुषांची चरित्रे, राज्यांचे उदयास्त, तत्त्वज्ञानातले वाद अशा विषयांवर विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. आम्ही विद्वान नाही. दहावीनंतरचे आमचे शिक्षण लेथच्या शेजारी आणि पुढे युनियनच्या कचेरीत झाले. वाचले ते बहुधा दुसऱ्या पाळीनंतर, जमेल तसे वाचले. म्हणून विषयही आम्ही आमच्या ऐपतीचा निवडला आहे. हातोडी, कानस, पाना, पकड आणि ड्रिल या वस्तू कामगाराच्या हाती कशा आल्या, त्याच्या हातून कशा गेल्या आणि आज त्या स्वस्त होऊन पुन्हा त्याच्या घरात कशा शिरत आहेत, एवढेच आम्हाला सांगायचे आहे.

विषय सुचला तो एका पोराच्या प्रश्नावरून. इमारतींना अॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवणारा हा तरुण एका ठेकेदाराकडे रोजावर आहे. एका संध्याकाळी कचेरीत येऊन तो म्हणाला, “काका, पंधराशे रुपयांत कोणते ड्रिल घ्यावे? आणि बाकीची हत्यारे जुन्या बाजारात घेतली तर चालतील का?” आम्ही विचारले, कशाला हवे? तर दोन कारणे निघाली. एक म्हणजे घरात पोटमाळ्याखाली चार हात जागा आहे, तिथे सुट्टीच्या दिवशी छोटी कामे करून दोन पैसे मिळवायचे. दुसरे कारण त्याने जाता जाता सांगितले. पहिल्या तारखेपासून हत्यार ज्याचे त्याने आणायचे, असे ठेकेदाराने बजावले होते. पहिल्या कारणाने आम्हाला आनंद झाला आणि दुसऱ्याने आम्ही अस्वस्थ झालो. ड्रिल मात्र एकच होते.

आमच्या खेड्यातल्या सुताराला हा प्रश्न कधी पडला नसता. वाकस, पटाशी, किकरे, करवत, रंधा, सामता, गुण्या ही त्याची हत्यारे होती. त्यांतले लोखंड गावचाच लोहार घडवी आणि दांडा सुतार स्वतः बसवी. हत्यार बोथट झाले तर सहाणेवर, पार बिघडले तर पुन्हा ऐरणीवर. खंडेनवमीला त्याची पूजा होई, ती आजही होते. कारखान्यातही त्या दिवशी व्हाइसला झेंडूची माळ चढते आणि अधिकारीसुद्धा पेढा खातात. परंतु हे सांगताना त्या काळाला सुवर्णयुग म्हणण्याचा मोह आम्ही आवरतो. बलुतेदाराचे हत्यार त्याचे होते, पण त्याच्या श्रमाचा भाव त्याच्या हाती नव्हता. तो सुगीच्या खळ्यावर दुसऱ्याच्या मापाने ठरे. धंदाही जन्माने ठरलेला असे. हत्याराची मालकी म्हणजे स्वातंत्र्य असे समीकरण मांडणाऱ्यांनी हे विसरू नये.

बाजारात विकत मिळणाऱ्या हत्याराचा इतिहास पाहायचा तर इंग्लंडातल्या शेफील्डला जावे लागते. बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीला घड्याळाच्या स्प्रिंगसाठी चांगले पोलाद हवे होते. १७४० नंतरच्या दशकात त्याने मातीच्या मुशीत पोलाद वितळवून एकजीव करण्याची रीत बसवली, आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षे जगातले उत्तम हत्यार म्हणजे शेफील्डचे हत्यार असे ठरून गेले. आपल्याकडेही जुन्या सुतारांच्या पेट्यांत त्या गावाचा छाप असलेल्या पटाश्या सापडतात आणि त्यांची धार अजून टिकते.

ती धार कोणी लावली, हे मात्र छापात लिहिलेले नसते. शेफील्डचे धारकरी दगडी चाकावर पालथे वाकून काम करीत. काही मालाला चाक ओले ठेवीत, काट्यांसारख्या मालाला कोरडे. कोरड्या चाकावरची दगडाची आणि पोलादाची भुकटी थेट छातीत जाई. एंगल्सने १८४५ च्या आपल्या पुस्तकात तिथल्या एका डॉक्टरांचा दाखला दिला आहे. कोरड्या चाकावरचा माणूस पस्तिशी जेमतेम गाठतो आणि ओल्या चाकावरचा क्वचितच पंचेचाळिशी ओलांडतो, असे त्या डॉक्टरांचे निरीक्षण होते. कानशी करणाऱ्यांची कथा निराळी नाही. कानशीचे दात तेव्हा छिन्नीने एकेक करून हाताने पाडीत. दात पाडताना कानस शिशाच्या ठोकळ्यावर ठेवावी लागे, आणि ते शिसे वर्षानुवर्षे अंगात भिनून हात लुळे पडत. पुढे अमेरिकेत ऱ्होड आयलंडात निकल्सनने १८६४ मध्ये कानशी यंत्रावर पाडण्याचा कारखाना काढला, तेव्हा हाताने दात पाडणाऱ्यांच्या पोटावर पाय आला हे खरे. पण त्यांच्या मुलांच्या अंगातले शिसेही त्यामुळेच टळले.

याच पुस्तकात एक गोष्ट आहे, ती वाचून आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. भुकटी ओढून घेणारे एक साधन निघाले होते, पण धारकऱ्यांना ते नको होते. काही ठिकाणी त्यांनी ते मोडूनसुद्धा टाकले. धंद्यातला धोका गेला तर माणसे धंद्यात गर्दी करतील आणि मजुरी उतरेल, ही त्यांची भीती होती. बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटेल. आम्ही मात्र आमच्याच सभासदांना हातग्राइंडरची जाळी काढून काम करताना पाहिले आहे. ‘जाळी लावली की हात चालत नाही, आणि हात चालला नाही की नग भरत नाहीत.’ त्यांना मूर्ख ठरवून चालत नाही. नगाचा दर कोणी ठरवला, हे आधी विचारावे लागते.

आता आमच्या चळवळीच्या पदरातले एक काळे पान उलगडतो, कारण ते हत्यारांशीच जोडलेले आहे. शेफील्डच्या धारकऱ्यांच्या संघटनांना कायद्याचा आधार नव्हता. वर्गणी बुडवणाऱ्याला किंवा ठरल्या दराखाली काम करणाऱ्याला वठणीवर आणायला त्यांनी एक रीत काढली होती. रात्री त्याच्या चाकाचा पट्टा आणि हत्यारे पळवायची. वर्गणी भरली की माल गुपचूप परत मिळे. हत्यार नाही तर काम नाही आणि काम नाही तर भाकरी नाही, हे ओळखूनच ही युक्ती योजली होती. पुढे प्रकरण पट्टा पळवण्यावर थांबले नाही. ८ ऑक्टोबर १८६६ रोजी संघटना सोडून गेलेल्या एका करवत-धारकऱ्याच्या घराच्या तळघरात बंदुकीच्या दारूचा स्फोट झाला. करवत-धारकऱ्यांच्या संघटनेचा चिटणीस विल्यम ब्रॉडहेड याने अशा कृत्यांचा जाहीर धिक्कार केला होता. १८६७ मध्ये सरकारी चौकशी मंडळाने खरे सांगणाऱ्याला माफी देण्याचे वचन दिले, तेव्हा याच ब्रॉडहेडने कबुली दिली की पैसे देऊन ही कामे करवून घेणारा तोच होता, आणि त्यांत एका माणसाचा खूनही होता.

या चौकशीने संघटना कायमच्या बुडणार असे पुष्कळांना वाटले होते. घडले उलटे. चौकशीच्या ओघात इतर धंद्यांतल्या संघटनांचे सरळ व्यवहारही उजेडात आले आणि १८७१ च्या कायद्याने इंग्लंडात कामगार संघटनांना कायदेशीर स्थान मिळाले. सुतारांच्या मोठ्या संघटनेची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. १८६० मध्ये स्थापन झालेली ही संघटना सभासदाची हत्यारपेटी जळाली किंवा चोरीला गेली तर भरपाई देत असे. एकाच देशात, एकाच काळात एक संघटना सभासदाचे हत्यार पळवीत होती आणि दुसरी त्याचा विमा उतरवीत होती. आम्ही आमच्या कार्यकर्त्यांच्या वर्गात या दोन्ही गोष्टी सांगतो, आणि पहिली आधी सांगतो.

स्वस्त परदेशी मालाची ओरडही शेफील्डनेच पहिल्यांदा मोठ्याने केली. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात जर्मन प्राध्यापक रॉयलो याने आपल्याच देशाचा माल स्वस्त आणि वाईट असल्याचे सांगितले होते. झोलिंगेनच्या सुऱ्या-कात्र्या शेफील्डच्या नावावर खपवल्या जातात अशी तक्रार झाली आणि १८८७ च्या ब्रिटिश कायद्याने परदेशी मालावर देशाचे नाव घालणे भाग पाडले. जर्मनीचा तो छाप पुढे उत्तम मालाची खूण झाला! आमच्या लहानपणी जपानी मालाबद्दल वडीलधारे असेच नाक मुरडीत, आज चिनी मालाबद्दल मुरडतात. तेव्हा देशाच्या नावावरून हत्याराची परीक्षा करू नये.

हत्यार कामगाराच्या हातून गेले कसे, हा या इतिहासातला आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे. त्याची एक जागा नेमकी दाखवता येते. अमेरिकेतल्या बेथलेहेम पोलाद कंपनीत १८९८ मध्ये फ्रेडरिक टेलर हा इंजिनीयर आला. त्या वेळी तिथल्या आवारातले मजूर आपापले फावडे घरून आणीत. टेलरने पाहिले की त्याच फावड्याने बारीक कोळसा उचलला तर साडेतीन पौंड येतो आणि खनिज उचलले तर अडतीस पौंड. दर खेपेला सुमारे एकवीस पौंड उचलले तर माणूस दिवसाला सर्वांत जास्त काम करतो, असे त्याने मोजून ठरवले. मग कंपनीने आठ-दहा प्रकारची फावडी स्वतः करून कोठीत ठेवली आणि जसा माल तसे फावडे मजुराला देऊ लागली. टेलरच्याच १९११ च्या पुस्तकातले आकडे असे आहेत: चारशे ते सहाशे मजुरांचे काम एकशे चाळीसजण करू लागले, आणि रोज १ डॉलर १५ सेंटवरून १ डॉलर ८८ सेंटवर गेला.

हिशेब उघड आहे. मजुराला दीडपटीहून थोडे अधिक मिळाले, काम मात्र तिप्पट-चौपट निघाले, आणि बाकीचे तीनशे-चारशे लोक फावड्यासह घरी गेले. परंतु टेलरला केवळ शिव्या देऊन आम्ही मोकळे होणार नाही. हलक्या मालाला मोठे फावडे आणि जड मालाला लहान, ही गोष्ट शहाणपणाची आहे, आणि पाठ मोडणाऱ्या मजुराला ती नक्कीच ठाऊक असणार. फक्त आठ फावडी विकत घ्यायला त्याच्यापाशी पैसे नव्हते. लेथवर लोखंड तासणाऱ्या हत्यारांचेही असेच झाले. टेलर आणि व्हाइट यांनी जलद कापणारे नवे पोलाद शोधले. त्याबरोबर धार लावण्याचे काम कारागिराकडून काढून टूलरूमकडे गेले. कोणत्या कोनाची धार हवी हे ज्ञान हातातून कागदावर गेले, आणि कागद ऑफिसात राहिला.

आम्ही कामाला लागलो तेव्हा हीच पद्धत होती. प्रत्येकाच्या नावावर नंबर कोरलेले पितळी बिल्ले असत. कोठीच्या खिडकीत बिल्ला द्यायचा, त्या जागच्या खिळ्यावर तो टांगला जायचा आणि मायक्रोमीटर हाती यायचा. संध्याकाळी उलट व्यवहार. एकदा आमच्या हातून एक व्हर्नियर पडून वाकला आणि त्याचे पैसे पगारातून कापू असे फोरमनने सांगितले. त्या प्रकरणात आम्ही पहिल्यांदा कायद्याचे पुस्तक उघडले. १९३६ च्या वेतनविषयक कायद्यात मालकाने पुरवलेल्या सोयींबद्दल पगारातून कपात करण्याची तरतूद होती, पण कामासाठी लागणारी हत्यारे आणि कच्चा माल या ‘सोयी’ नव्हेत असे तिथे स्पष्ट लिहिलेले होते. आमचे प्रकरण नुकसानीचे होते, सोयीचे नव्हे, म्हणून ते कलम आम्हाला लागू पडले नाही आणि निम्मे पैसे कापले गेलेच. कलम मात्र पाठ झाले.

घरी वापरायच्या स्वस्त हत्याराचा विचार आपल्या देशात कोणी गंभीरपणे केला असेल तर तो गांधीजींनी. १९२९ मध्ये सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर झाले. त्या अटी आम्ही तरुण फिटरांना वाचून दाखवतो, कारण हत्यार कसे असावे याची याहून चांगली यादी आमच्या पाहण्यात नाही. यंत्र हलके असावे, खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालावे, बाईमाणसाला आठ तास फारसे न दमता चालवता यावे. आठ तासांत सोळा हजार वार सूत निघावे. किंमत दीडशे रुपयांवर जाऊ नये. वीस वर्षे टिकावे, आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या शेकडा पाचांपेक्षा अधिक नसावा. किर्लोस्करवाडीच्या कारागिरांनीही यासाठी यंत्र केले. शेतकऱ्याच्या मनातली लोखंडी नांगराची भीती घालवणारा तो कारखाना, त्यांना हे अवघड नव्हते असे वाटेल. पण सगळ्या अटी एकदम पुऱ्या करणारे यंत्र कोणाकडूनच आले नाही आणि बक्षीस तसेच राहिले. आमच्या मते दीडशे रुपयांची अट हीच खरी मेख होती. तेवढे पैसे म्हणजे तेव्हाच्या गिरणी कामगाराचा कित्येक महिन्यांचा पगार, मग खेड्यातल्या विधवेने ते कोठून आणायचे? स्वस्त कोणाच्या दृष्टीने, हा प्रश्न गांधीजींच्या समितीलाही सुटला नाही.

अमेरिकेत तो निराळ्या रीतीने सुटला. विजेचे हातड्रिल जर्मनीत श्टुटगार्टच्या फाइन कारखान्याने १८९५ मध्येच केले होते. १९१७ मध्ये बाल्टिमोरच्या ब्लॅक आणि डेकर यांना पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली बटण असलेल्या ड्रिलचे पेटंट मिळाले. पुढे युद्धाच्या काळात कारखान्यांतले कामगार ही ड्रिले घरी नेतात असे आढळून आले, आणि चोरीचा बंदोबस्त करण्याऐवजी कंपनीने त्यातून गिऱ्हाईक ओळखले, असे सांगतात. १९४६ मध्ये घरगुती वापराचे स्वस्त ड्रिल बाजारात आले. पन्नास वर्षांपूर्वी कोठीत गेलेले हत्यार आता कामगाराला स्वतःच्या पगारातून परत विकत घेता येऊ लागले, तेही घराच्या गॅरेजमध्ये, रविवारी, हौस म्हणून.

गिरणगावात गॅरेज कुठले? दहा बाय दहाची खोली, तीत सात माणसे. आमचे वडील एका गिरणीच्या मेकॅनिक खात्यात फिटर होते. त्यांचे वर्कशॉप चाळीच्या गॅलरीत, कठड्याला बोल्टने आवळलेल्या एका व्हाइसवर चाले. शेजाऱ्यांचे स्टोव्ह, कुलुपे, सायकली, शिवणयंत्रे दुरुस्त होत. व्हाइस त्यांनी शुक्रवारी पहाटे चोरबाजारात घेतला होता. त्या बाजारात ते आम्हाला बरोबर नेत आणि परीक्षा शिकवीत. व्हाइसचे जबडे मिटवून उजेडाकडे धरायचे, फट दिसली तर ठेवून द्यायचा. मळसूत्र मागेपुढे हलवून किती ढिले आहे ते पाहायचे. लोखंडी रंध्याच्या तोंडाशी बारीक चीर असते ती नखाने शोधायची, कारण बीड एकदा तडकले की जुळत नाही. पटाशीच्या धारेजवळ कानस हलकेच फिरवायची. कानस निसटली तर पाणी शाबूत, चावली तर कोणीतरी ती विस्तवात घालून मऊ केलेली आहे. पाना तोंडाशी फाकलेला नको. गंजाला भिऊ नये, गंज रॉकेलने जातो.

पान्यांची आणखी एक गंमत आहे, तीत आजही पुष्कळजण फसतात. व्हिटवर्थने १८४१ मध्ये इंग्लंडात आट्यांचे प्रमाण बसवले, आणि त्या जातीच्या पान्यावर बोल्टच्या जाडीचा आकडा असतो, तोंडाच्या रुंदीचा नव्हे. अर्धा इंच लिहिलेल्या पान्याचे तोंड ०.९२ इंच भरते. आपल्याकडे १९५६ चा कायदा होऊन १९५८ पासून मेट्रिक मापे येऊ लागली. त्यामुळे जुन्या बाजारात शेफील्डचा सुंदर पाना भंगाराच्या भावाने मिळतो, आणि घरी आणल्यावर तो कोणत्याच नटाला बसत नाही. जुना लेथ असेल तरच तो घ्यावा.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. पहिले काही महिने त्या गॅलरीतल्या व्हाइसने घर चालवले असे म्हणायला हरकत नाही. पण अडीच लाख माणसे संपावर असताना स्टोव्ह दुरुस्त करून घ्यायलाही लोकांजवळ पैसे उरेनात. पावसाळ्यानंतर पेटी उघडली गेली. आधी मायक्रोमीटर गेला, मग पान्यांचा संच, मग ड्रिलचे बिट. व्हाइस शेवटी गेला, त्याच बाजारात, जिथून आला होता. ओळखीच्या दुकानदाराने त्याचे जबडे मिटवून उजेडाकडे धरले. वडील नुसते बघत राहिले. कठड्यावर चार भोके राहिली. पुढे गिरण्या बंद झाल्या, त्यांची यंत्रे वजनावर विकली गेली, आणि गिरणीच्या कोठ्यांतली हत्यारे त्याच गल्ल्यांत ढिगांनी आली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने कधी तरी त्या ढिगांवरून हात फिरवावा. गिरण्यांचे नंबर पडलेले पाने आम्ही अजून ओळखतो.

आजचा बाजार निराळा आहे. जालंदर, लुधियाना, नागौर इथे होणारी पक्कड-हातोडी जगभर जाते, आणि जालंदरला १९८३ पासून हातहत्यारांची सरकारी संस्थाही आहे. वायरीशिवाय चालणारी ड्रिले भाजीच्या पिशवीत मावतात. पंधराशे रुपयांना शंभर नगांचा संच प्लास्टिकच्या पेटीत मिळतो. तो संच घेऊ नये असे आम्ही त्या तरुणाला पहिल्यांदा सांगितले. शंभरांतले दहा नग वापरात येतात आणि तेच आधी मोडतात. त्याऐवजी ड्रिल एकटेच, साध्या वायरीचे, कार्बन बदलता येतील आणि ज्याची दुरुस्ती शेजारच्या गल्लीत होईल असे घ्यावे. बिट चांगले घ्यावेत. पाने, कानशी, हॅकसॉची चौकट आणि व्हाइस जुने चालतील. हातग्राइंडर मात्र जुना घेऊ नये, आणि जाळीशिवाय तर नवाही घेऊ नये. ती चकती मिनिटाला सुमारे अकरा हजार फेरे घेते. चकतीवर छापलेला वेग यंत्राच्या वेगापेक्षा जास्त आहे हे दुकानातच वाचून घ्यावे.

तो म्हणाला, “काका, एवढे सगळे माझ्याच पैशाने?” घरातल्या कामासाठी म्हणशील तर हो, आम्ही म्हणालो. ठेकेदाराच्या कामासाठी नाही. शेफील्डच्या धारकऱ्याचे चाक भाड्याचे, लेस्टरच्या विणकऱ्याचा मागही भाड्याचा. त्या मागाचे भाडे मजुरीतून कापण्याची चाल बंद करायला इंग्लंडात १८७४ साल उजाडावे लागले. टेलरने फावडे मजुराच्या हातून घेतले तेव्हा निदान फावड्याचा खर्चही कंपनीने उचलला होता. आता ठेकेदाराला टेलरचा वेग हवा आहे आणि फावडे मात्र मजुराच्या घरचे हवे आहे.

पुढच्या रविवारी आम्ही त्याच्याबरोबर बाजारात गेलो. व्हाइस मिळाला, जुना, जबडे सरळ, मळसूत्र थोडे ढिले. ड्रिल नवे घेतले. दुकानदाराला बिल पक्के करायला सांगितले, तारीख आणि यंत्राचा नंबर घालून. त्या बिलाची प्रत जोडून हत्यारभत्त्याची मागणी आम्ही ठेकेदाराला रजिस्टर पोस्टाने पाठवली, आणि तिच्यावर त्याच्याबरोबरच्या अकरा जणांच्या सह्या आहेत. पोचपावती आली आहे. उत्तर अजून आलेले नाही.